कडेवरचा पाहुणा

'कृपया लहान मुलांना सोबत आणू नये' अशी ओळ तळाशी छापलेली एक लग्नपत्रिका नुकतीच आमच्या हाती आली. मूल रडते, विधीत व्यत्यय येतो आणि खुद्द मुलाचीही आबाळ होते, असे या सूचनेचे समर्थन ऐकावयास मिळाले. हा युक्तिवाद वरवर सयुक्तिक दिसतो. परंतु तो जितका सभ्य तितकाच अन्यायाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दोन वर्षांचे मूल एकटे घरी राहू शकत नाही. त्याच्यासोबत कोणास तरी राहावे लागते. ती व्यक्ती कोण, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. बाप मांडवात अक्षता टाकीत असतो आणि आई चार भिंतींत असते. बंदी मुलाच्या नावे घातली जाते, तिचा अंमल मात्र आईवर होतो. घरात आजी किंवा आत्या असती तर गोष्ट वेगळी. पण नोकरीपायी दोन खोल्यांत आलेल्या संसारात ती सोय कोठून असणार?

आता दुसरा पक्ष पाहू. 'आमची पोर माणसाळलेली आहे, कोणाच्याही कडेवर जाते,' असे अभिमानाने सांगणारी मंडळी मुलांना सर्वत्र नेतात; त्यांना आम्ही दोष देत नाही. दोष आहे तो त्या मुलांचे पुढे जे केले जाते त्यास. गेल्या वैशाखात वडखळजवळील एका गावी हळदीस जाण्याचा योग आला. नवरीची बहीण आपल्या अडीच वर्षांच्या मुलीस घेऊन आली होती. पोर गोड होती. ओळख नसता म्हाताऱ्यांच्या मांडीवर बसे, आपल्या हातातला लाडू दुसऱ्यास भरवी. साहजिकच ती साऱ्या मांडवाचे खेळणे झाली. प्रत्येकाने तिचा गालगुच्चा घेतला, प्रत्येकाने तिला नाचावयास लावले. आम्हीही एकदा लावले, हे कबूल केलेच पाहिजे. रात्रीचे साडेदहा वाजले, कर्ण्यांचा आवाज वाढतच गेला, पोरीने दोन्ही कानांवर हात ठेवले, तरी 'आणखी एकदा' चालूच! अखेर तिने टाहो फोडला, तेव्हा त्याच मंडळींपैकी एकजण आईस म्हणाली, "एवढ्या रात्रीपर्यंत कशाला गं ठेवलीस हिला?" नवरीस हळद लागली त्या वेळी तिची सख्खी बहीण मागल्या ओट्यावर पाठमोरी बसून मूल निजवीत होती.

या प्रसंगी अपराधी कोण? मूल खास नव्हे. दोन वर्षांच्या मुलास दिवसरात्र मिळून अकरा ते चौदा तास झोप हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रात्री दहानंतर उघड्या जागी कर्णे वाजवू नयेत आणि लोकवस्तीत रात्रीचा आवाज 45 डेसिबलांच्या वर जाऊ नये, असे ते म्हणतात. म्हणजे कायदा मोडतो यजमान आणि शिष्टाचार मोडल्याचा ठपका येतो तान्ह्यावर! मनमिळाऊ स्वभाव ही मुलाची देणगी आहे. ती काही न आटणारी विहीर नव्हे.

मुलाच्या बेताने समारंभ करणे आपणांस नवीन आहे असेही नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत होणारे बोरन्हाण आठवावे. काळे झबले, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरे, चुरमुरे आणि उसाचे करवे; आणि ते वेचावयास आळीतली पोरे. वेळ दिवेलागणीच्या सुमाराची, आवाज माणसांच्या बोलण्याचा, आणि सारे घटकाभरात आटोपते. उत्सवमूर्ती दमण्यापूर्वी उत्सव संपवावा, हे शहाणपण आपल्या आज्यांना होते.

हेच तत्त्व शिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आचरिले. डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे धाकट्या भावंडांना सांभाळण्यापायी थोरल्या मुलींची शाळा बुडे. त्या दोघींनी 'भावंड घेऊन येऊ नये' अशी पाटी लाविली नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली. तान्ह्यास जागा मिळाली म्हणून थोरलीस अक्षर मिळाले. शाळेस जे साधले ते मांडवास का साधू नये?

आमचे मागणे मोठे नाही. हळद दिवेलागणीस लागावी, मुलांची पंगत प्रथम बसावी, कर्णे वेळेत थांबावेत, एक खोली अंधारी व शांत राखून तेथे सतरंजी अंथरावी, आणि मूल निजविण्याची पाळी बापानेही घ्यावी. कडेवरच्या पाहुण्यास एवढेही ज्या मांडवात मिळत नाही, तेथील उणीव मांडवाची समजावी. ती दूर करण्याऐवजी पत्रिकेत ओळ छापणाऱ्या यजमानाने मग निदान प्रामाणिकपणे लिहावे : 'कृपया मुलांच्या आयांनी येऊ नये.'