भिंतीमागची माणसे

संपादक मंडळ आम्हांस नेहमी इतिहासावर लिहावयास सांगते. या वेळी आम्ही भिंतींवर लिहीत आहोत. मात्र हा विषय इतिहासाबाहेरचा आहे असे वाचकांनी समजू नये.

गेल्या दशकात शहरांतील ओसाड भिंती, पुलांचे खांब, नाल्यांचे कठडे मुलामुलींच्या हातून रंगवून घेण्याची प्रथा ठिकठिकाणी रुजली. 2016 पासून ‘स्वच्छ सर्वेक्षण’ सुरू झाले आणि तिला वेग आला. जालन्याला 2023 मध्ये महानगरपालिका लाभली, तेव्हा आपल्याकडेही हे काम वाढेल, हे उघड आहे. आमचा त्यास विरोध नाही. ज्या कोपऱ्यातून लोक नाक दाबून जातात, तेथे चौदा-पंधरा वर्षांची मुले चार दिवस उन्हात उभी राहून चित्र काढतात, तेव्हा त्या कोपऱ्याकडे आणि स्वतःकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलते, हे आम्ही शिक्षक म्हणून जाणतो. आमचा प्रश्न निराळा आहे. भिंतीवर काय असावे हे कोण ठरवितो, आणि काम झाल्यावर तेथे नाव कोणाचे उरते?

मुंबईतील घाटकोपरजवळच्या असल्फा टेकडीचे उदाहरण घ्यावे. 2017 च्या अखेरीस ‘चल रंग दे’ या उपक्रमात शेकडो स्वयंसेवकांनी रहिवाशांच्या साथीने तेथील शंभराहून अधिक भिंती रंगविल्या. मेट्रोच्या डब्यातून ती टेकडी दिसते. तिला इटलीतील पोझितानो गावाची उपमा मिळाली, लोक छायाचित्रे काढावयास जाऊ लागले. झोपडपट्टी म्हटली की तोंड फिरविणाऱ्यांना तिकडे कौतुकाने पाहावेसे वाटले, हे लहान काम नव्हे. तरीही त्या रंगांचा पहिला प्रेक्षक डब्यातला प्रवासी होता, असे आमचे मत आहे. त्याच घाटकोपरात माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. 11 जुलै 1997 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या जमावावर तेथे गोळीबार झाला आणि दहा जणांचे प्राण गेले. अशा परिसरातील तरुणांना ‘भिंतीवर काय काढू या?’ असे विचारले, तर ते फुले सांगतील, आणि जोतीराव फुलेही सांगतील. कदाचित ती दहा नावेही सांगतील. विचारले मात्र पाहिजे.

मराठवाड्यास भिंतीचे बळ नव्याने शिकविण्याची गरज नाही. जुलै 1978 मध्ये विधिमंडळाचा ठराव झाला, तेव्हापासून 14 जानेवारी 1994 च्या नामविस्तारापर्यंत साडेपंधरा वर्षे विद्यापीठाच्या नामांतराची मागणी भिंतींवरही लिहिली गेली. लिहिणारे हात बहुतांशी तरुणांचेच होते. त्या अक्षरांत सौंदर्य किती होते ते चित्रकारांनी ठरवावे. ती अक्षरे कोणाची, याविषयी वाटसरूला शंका नव्हती.

याहून जुना दाखला आपल्या जिल्ह्यातच आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील स्तूपांवर कोरलेल्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख सापडतो. दोन हजार वर्षांपूर्वी येथील माणसांनी इतक्या दूरच्या स्तूपाला दान दिले आणि त्या दगडावर आपल्या गावाची ओळख ठेवली. उत्खननात भोकरदनची मृण्मये सापडली त्याचे आपण कौतुक करतो, पण आम्हांस हे लेख अधिक मोलाचे वाटतात. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलांची कथा याच्या उलट आहे. जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत वर्षानुवर्षे नकला करविल्या. त्यांतील कित्येक पुढे लंडनच्या आगीत जळाल्या. 1896-97 मध्ये ग्रंथ निघाला, तो ग्रिफिथ्स यांच्या नावाने. लेण्यांच्या अंधारात बसून राबलेल्या तरुणांपैकी पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे एखादे नाव सोडले, तर बाकीची आज कोणाच्या ओठी आहेत?

अजिंठ्याला सहलीस जाऊन आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट आठवत असेल. तेथे रंग सर्वांत शेवटी आला. आधी खडक खडबडीत केला, त्यावर तूस व वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या मातीचे थर चढविले, मग चुन्याचा पातळ लेप, आणि त्यानंतर कुंचला. आजच्या उपक्रमांत पुष्कळदा रंगाचे डबे आधी येतात. भिंतीत ओल असते, पायथ्याशी गटार तुंबलेले असते, आणि पहिल्याच पावसाळ्यात चित्राचे पापुद्रे निघतात. मुलांच्या मनावर याचा जो परिणाम होतो त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही माजी विद्यार्थ्यांपुढे एक सूचना ठेवतो. कुंडलिकेच्या काठच्या वस्त्यांतील एक भिंत निवडावी, एकच. प्रथम वस्तीतील आयाबायांची आणि तरुणांची बैठक घ्यावी, विषय त्यांनी ठरवावा. आपल्यांतील जे अभियंते व गवंडी आहेत त्यांनी गटाराचा उतार आणि भिंतीची ओल पाहावी. हे काम महानगरपालिकेचे आहे, तेव्हा तिच्याकडे लेखी मागणी करावी आणि ती पुरी होईतो रंगाचा डबा उघडू नये. वर्ष गेले तरी चालेल. वसतिगृहातील मुले वस्तीतील मुलांच्या बरोबरीने काम करतील. त्यांची शिकवणी घेतल्यासारखे वागणार नाहीत, याची जबाबदारी आम्ही शिक्षक घेतो. देणगीदारांचे आभार सभेत मानावेत. भिंतीच्या खालच्या पट्टीवर मात्र राबणाऱ्या मुलामुलींची नावे गावासह लिहावीत, भोकरदनच्या मुलाचे नाव त्यांत असल्यास सर्वांत आधी.

ज्यांना चुन्याच्या गिलाव्याचे जुने काम येते, किंवा असा कारागीर ठाऊक आहे, त्यांनी पावसाळ्यापूर्वी शाळेच्या कार्यालयात कळवावे.