एसी चालतो, चिकाचा पडदा चालत नाही

"एवढं उकडतं तर एसी घेऊन टाका की!" हे वाक्य गेल्या दोन उन्हाळ्यांत मी कितीदा ऐकलं याचा हिशोब ठेवलेला नाही. म्हणणाऱ्यांत सख्खा मामेभाऊ आहे, दोन मावश्या आहेत, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि वीज वाचवा म्हणून स्वतःच्या ब्लॉगवर लांबलचक लिहिणारे एक मित्रही आहेत. (ते हे वाचतीलच. वाचा, तुमच्याबद्दलच आहे :) )

तर मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे.

आम्ही पुण्यात, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. डोक्यावर उघडी गच्ची, हॉल आणि आईची खोली पश्चिमेला. मेच्या मध्यावर पुण्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, त्यामुळे त्या दिवसांत सगळ्यात जास्त ऊन खाते ती गच्ची. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री सावकाश खाली सोडतो. रात्री दहाला बाहेर मस्त झुळूक असते आणि आत भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते. पंखा बिचारा काय करणार, तीच गरम हवा फिरवतो. आई ७८ वर्षांची आहे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या उन्हाळ्यात दोनदा चक्कर येऊन मटकन खाली बसली. म्हणजे हा नुसता ऐषारामाचा प्रश्न नाही.

मी कमिटीकडे दोनच गोष्टी मागितल्या. गच्चीवर आमच्या खर्चाने पांढरा रंग, आणि पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून चिकाचे पडदे. उत्तर आलं: गच्ची सगळ्यांची आहे, आणि पडद्यांनी इमारतीचं 'एलेव्हेशन' बिघडतं.

एलेव्हेशन! त्याच भिंतीवर एसीचे ३१ डबे लटकलेत, मी खाली उभं राहून मोजलेत. गंजलेले ब्रॅकेट, लोंबणाऱ्या नळ्या, पाण्याचे ओघळ. त्यांना कुणी परवानगी विचारत नाही. म्हणजे उष्णता घराबाहेर फेकणारं यंत्र टांगलेलं चालतं, पण ती आत येऊच न देणारा बांबूचा पडदा चालत नाही.

"मग आतून जाड पडदे लावा ना," असंही सुचवून झालं. अहो, ऊन एकदा काचेतून आत आलं की ते आलंच. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. त्यातही दक्षिणेच्या खिडकीला आडवा छज्जा पुरतो, कारण तिकडचा सूर्य उंचावर असतो. पश्चिमेचं ऊन चार-पाच वाजता तिरकं, छज्ज्याच्या खालून थेट पलंगापर्यंत येतं. तिथे उभीच आडोशाची गोष्ट लागते: चिक, झडप, वेल, झाड, काहीही. माळवदाच्या घरात वाढलेल्या माझ्या आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं. हातभर जाडीच्या भिंती, वर मातीचा थर, लहान खिडक्या. त्या घरात अंधार होता, माळवद गळायचंही, मला तिकडे परत जायचं नाहीये. पण उन्हाशी कसं वागायचं हे त्या घराला ठाऊक होतं.

आणि आपण काय करतो? बाल्कनी आत घेतो. हा आपला राष्ट्रीय छंद आहे. चार फुटांची बाल्कनी म्हणजे हॉलवरची फुकटची सावली. ती स्लायडिंगच्या काचा लावून बंद करायची, हॉल तेवढा मोठा झाला म्हणून पेढे वाटायचे आणि पुढच्या मार्चमध्ये दीड टनाचा एसी आणायचा. नातेवाइकांपैकी किमान चार घरांत हे असंच झालंय. नावं घेत नाही, दिवाळीत भेटायचंय.

आता त्या स्टारच्या स्टिकरबद्दल. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २००६ मध्ये स्टार लेबल आणलं, ते चांगलंच झालं. नवीन यंत्र घ्यायचंच असेल तर जास्त स्टारचं घ्यावं, याबद्दल दुमत नाही. पण स्टार त्या यंत्राचे असतात, घराचे नाही. तापलेल्या स्लॅबखाली पाच स्टारचा एसी लावणं म्हणजे फुटक्या माठात भारी फिल्टरचं पाणी भरणं. दीड टनाचा एसी जोरात चालला की ताशी साधारण दीड युनिट खातो. खोली तापलेली असेल तर तो थांबतच नाही, मग पाचही स्टार बिलात दिसेनासे होतात.

घरालाच मोजायची सोयसुद्धा झालेली आहे, हे फार जणांना माहीत नसतं. केंद्र सरकारने २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' काढली. आपल्यासारख्या हवामानात भिंती-खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेला तिने चौरस मीटरमागे सरासरी १५ वॅटची मर्यादा घातली आहे, आणि छपरासाठी वेगळा निकष आहे. नुसता उघडा काँक्रीटचा स्लॅब त्या निकषात बसत नाही, त्यावर काहीतरी इन्सुलेशन लागतंच. २०२२ च्या कायदादुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कक्षेत आणल्या. पण फ्लॅट बघायला गेल्यावर बिल्डरला आपण काय विचारतो? पार्किंग, जिम, क्लब हाऊस, मॉड्युलर किचन. 'छपराला इन्सुलेशन आहे का' असं विचारणारा गिऱ्हाईक मला तरी भेटलेला नाही. मग बिल्डर कशाला स्वतःहून खर्च करेल?

"पण तुमच्या पांढऱ्या रंगाने असा किती फरक पडणार?" एसीइतका गारवा येणार नाही, मान्य. तापमान चाळिशीला टेकलं की आईच्या खोलीत एसी लावावा लागेल, कदाचित लावीनही. एसी म्हणजे पाप, असं मी कुठे म्हणतोय? आधी ऊन अडवा, मग उरलेल्यासाठी यंत्र आणा, एवढंच म्हणणं आहे. लहान एसीत, कमी तासांत भागेल. शिवाय रंग कितीही चांगला असला तरी धूळ बसून मळतो, पावसाळ्यानंतर धुवावा लागतो, हेही मी अर्जात लिहून दिलं होतं. धुणारही मीच.

पंख्यांबद्दल दोन ओळी. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी मोटरचा ३० च्या. चार पंखे रोज दहा तास धरले तर महिन्याला ५४ युनिट वाचतात. आम्ही चारही बदलले. यात कमिटीचा संबंध नाही म्हणून ते काम एका रविवारात उरकलं.

आता ताजी बातमी. सोसायटीने गच्चीवर सोलर पॅनेल बसवायचं ठरवलंय, लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी. मी लगेच हात वर केला. पॅनेलखालच्या स्लॅबवर सावली पडते, म्हणजे खालच्या घरांना आपोआप फायदा. आराखडा मागून घेतला आणि नीट पाहिला. पॅनेल सगळी जिन्याच्या आणि बी विंगच्या बाजूला आहेत. आईच्या खोलीवरचा भाग मोकळा ठेवलाय. कोजागिरीला तिथे खुर्च्या मांडायच्या असतात.