काम फसल्यावर पुढे कोण येतो?



ज्याच्या गळ्यात हार पडतो तो पुढारी, असे पुष्कळजण म्हणतात. मला तसे वाटत नाही. हार घालायला बोलावले तर कोणीपण येईल. काम फसल्यावर जो पुढे येतो तो खरा पुढारी.

आंध्र प्रदेशात समुद्राकाठी श्रीहरिकोटा आहे. तिथून अग्निबाण सोडतात. १० ऑगस्ट १९७९ रोजी तिथून एसएलव्ही-३ नावाचा अग्निबाण सोडला. उंची २२ मीटर, म्हणजे केवढा उंच बघा! डॉ. अब्दुल कलाम त्या कामाचे प्रमुख होते. संगणक सांगत होता, थांबा. कलामांनी जाणकारांना विचारले आणि सोडायचे ठरवले. अग्निबाण थोडा वर गेला आणि बंगालच्या उपसागरात पडला. कितीतरी वर्षांची मेहनत पाण्यात!

वार्ताहर जमले. कलाम घाबरले होते. पण संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः बोलायला उभे राहिले. त्यांनी कलामांकडे बोट दाखवले नाही. आम्हाला अपयश आले, पण माझ्या माणसांवर माझा विश्वास आहे, वर्षभरात आम्ही करून दाखवू, असे ते म्हणाले.

आणि १८ जुलै १९८० ला खरंच जमलं. ३५ किलोचा रोहिणी उपग्रह वर गेला. तेव्हा धवन म्हणाले, कलाम, आज तुम्ही बोला. ही गोष्ट पुढे कलामच सगळ्यांना सांगत.

कोणी म्हणेल, निर्णय कलामांचा, मग धवनांनी का ऐकून घ्यायचे? माझे मत असे की, ते रागावले असते तर सगळी माणसं भ्याली असती. पहिल्या वेळी आतल्या यंत्रणेत आम्ल गळाले होते. भ्यालेला माणूस गळती दिसली तरी सांगत नाही, झाकतो. मग दुसरा अग्निबाणपण समुद्रातच गेला असता.

आमच्याकडे कबड्डीत हरलं की कप्तान म्हणतो, चढाईवाल्याने घालवलं. जिंकलं की म्हणतो, मी होतो म्हणून. आता चढाईला जायला कोणी तयारच होत नाही.

आपल्या शाळेचे मंत्रिमंडळ निवडायचे आहे. मुख्यमंत्री व्हायला जे उभे राहतील त्यांना मी एकच विचारणार. पाण्याची टाकी भरायची राहिली, तर गुरुजींना नाव कोणाचे सांगाल?

— इयत्ता चौथी