'म्हणे'चे पाच शब्द

आमच्या जालन्यात इंग्रजी व्याकरण म्हटले की दोन पोथ्या आठवतात. एक तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि दुसरी रेन अँड मार्टिन. यातले रेनसाहेब म्हणजे १९२४ सालची 'बो जेस्त' कादंबरी लिहिणारेच, बरे का! 'टू' काढा नि 'सो-दॅट' घाला, 'नो सूनर'ने वाक्य सुरू करा, ही कवायत आमच्या कित्येक पिढ्यांनी त्यांच्याच पुस्तकावर केली.

माझी पुतणी सध्या ज्या परीक्षेला बसते आहे, तिथली कवायत अंमळ निराळी. केंब्रिजची ही 'ॲडव्हान्स्ड' परीक्षा १९९१ साली सुरू झाली. तीत एक मूळ वाक्य देतात, खाली तेच वाक्य दुसऱ्या तऱ्हेने पण अर्धवट, आणि एक ठळक शब्द. त्या शब्दाला हात न लावता तीन ते सहा शब्दांत गाळलेली जागा भरायची. अर्थ मात्र तसूभरही हलता कामा नये. 'हॅडन्ट'सारखा जोडशब्द दोन धरतात. अशी सहा वाक्ये, दर वाक्याला दोन गुण. पोरीचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झालेले, परीक्षेची फी थोडीथोडकी नाही आणि विलायतेतल्या एका विद्यापीठाचा प्रवेश या निकालावर अडलेला. त्यामुळे यंदा आमच्याकडे चकल्यांपेक्षा वाक्येच जास्त तळली जात आहेत.

सरावासाठी मी तिला घरचीच वाक्ये देतो. 'जालना सोने का पालना' ही आमच्या गावची जुनी म्हण. तेव्हा 'लोक म्हणतात, जालना सोन्याचा पाळणा होता' हे इंग्रजीत लिहून दिले आणि शब्द दिला 'सेड'. तिने भरले, 'इज सेड टू बी'.

"अगं, असे लिहिलेस तर पाळणा अजून हलतो आहे असे होईल!" मी म्हणालो. होता म्हणायचे तर 'इज सेड टू हॅव बीन' हवे. उत्तराचे दोन तुकडे पाडून गुण देतात, म्हणून तिच्या पदरात निदान एक पडला.

"पण काका, मराठीत 'जालना म्हणे सोन्याचा पाळणा होता' एवढ्यात भागतं की!"

खरेच की! इंग्रजीला जिथे पाच शब्द लागले तिथे आपले एक 'म्हणे' पुरते, आणि वर बोलणाऱ्याची बारीकशी शंकाही त्यात मावते.

'रिग्रेट' हा असाच एक फसवा शब्द. 'रिग्रेट सेलिंग' म्हणजे वावर विकल्याचा पस्तावा. 'रिग्रेट टू से' म्हणजे वाईट बातमी पुढेच आहे. कचेरीच्या पत्रातले 'कळवण्यास खेद होतो' ते हे. शेतकऱ्याच्या घरात हा फरक दोनदा सांगावा लागत नाही.

पोरीचा धीर खचला की मी तिला १९१३ सालची हकीकत ऐकवतो. केंब्रिजने परक्यांसाठी इंग्रजीची पहिली परीक्षा घेतली ती त्या साली. बारा तासांचे पेपर, उमेदवार तीन, आणि तिघेही नापास!

परवा करंज्या लाटता लाटता वहिनी म्हणाल्या, "माझंही एक वाक्य घे गं. तू गेलीस की घर खायला उठेल."

ठळक शब्द 'मिस' मीच सुचवला. पुतणीने पेन्सिल उचलली, चार शब्द लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले.

"आई, हे सहा शब्दांत नाही गं बसत," ती म्हणाली, आणि वही मिटून सारण भरायला बसली.