लग्न लावतो कोण? पंचगंगेचा घाट ते ट्रेंटची धर्मसभा

१/ धर्मविधीचा अधिकार कोणाचा, हा कोल्हापुरात कधीच निव्वळ शास्त्रार्थाचा प्रश्न नव्हता. १८९९ मध्ये पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानप्रसंगी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे उघड झाले आणि वेदोक्त प्रकरण पेटले. यजमानाला वेदोक्त विधीचा अधिकार आहे की नाही, हा त्या वादाचा गाभा होता.

२/ विवाहापुरते उत्तर जोतीराव फुल्यांनी आधीच दिले होते. २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला सत्यशोधक विवाह झाला. त्यात भटजी नव्हता. वधूवरांची परस्परांना दिलेली शपथ हाच विधी. पुढे शाहू महाराजांच्या पाठबळाने कोल्हापूर सत्यशोधक चळवळीचे बलस्थान बनले.

३/ या विचाराचे एक अनपेक्षित साम्य कॅथलिक धर्मशास्त्रात आढळते. तेथे विवाह हा सात संस्कारांपैकी एक. मात्र लॅटिन परंपरेनुसार हा संस्कार धर्मगुरू देत नाहीत. वधू वराला आणि वर वधूला देतो. धर्मगुरू चर्चच्या वतीने दोघांची संमती विचारतात व स्वीकारतात.

४/ सोळाव्या शतकापर्यंत युरोपात साक्षीदारांविना, केवळ परस्पर वचनाने झालेले विवाहही वैध मानले जात. पुढे एखादा वचन नाकारी आणि दुसऱ्याकडे पुरावा नसे. म्हणून ट्रेंटच्या धर्मसभेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदारांची उपस्थिती सक्तीची केली.

५/ त्याच वेळी पालकांची संमतीही अनिवार्य करावी, असा फ्रान्सचा आग्रह होता. धर्मसभेने तो मानला नाही. आईवडिलांच्या संमतीविना झालेला विवाह केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही, हे तिने निक्षून सांगितले. प्रजेला बळाने विवाहास भाग पाडणाऱ्या सत्ताधीशांनाही तिने दोषी ठरवले.

६/ वाटा वेगळ्या होतात त्या विवाहविच्छेदापाशी. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी विधवाविवाहाला कायद्याचे बळ दिले. त्याला कॅथलिक शिकवणीचा विरोध नाही, कारण मृत्यूने विवाहबंध संपतो. घटस्फोट मात्र चर्च मानत नाही. भारतीय कायद्याने २००१ मध्ये ख्रिस्ती दांपत्यांना परस्परसंमतीने घटस्फोटाची वाट खुली केली, तरी ही शिकवण बदललेली नाही.

७/ ही अविच्छेद्यता अनेकांना जाचक वाटते, आणि दुःखी संसारात ती जाचक ठरतेही. पण तिची पूर्वअट विसरता येत नाही : धाकाने वदवलेला होकार हा होकारच नव्हे, आणि अशा होकारावर उभा विवाह चर्चच्या लेखी मुळात झालेलाच नसतो.

८/ सिद्धांत आणि व्यवहार यांत अंतर आहेच. गोव्यातील कॅथलिक कुटुंबांतही सोयरीक जुळवताना जात पाहिली गेली. सत्यशोधकांच्या महाराष्ट्रातही आंतरजातीय लग्न करणाऱ्या मुलीला आज जिवाची भीती वाटू शकते.

९/ म्हणून विवाह संस्कार की करार, हा वाद दुय्यम आहे. फुल्यांची शपथ आणि ट्रेंटचा निर्णय एकाच ठिकाणी बोट ठेवतात : मांडव कोणाचाही असो, मंत्र कोणतेही असोत, वधूचा मोकळा होकार नसेल तर तेथे समारंभ होतो, विवाह होत नाही.