भांडण दोघांचे, भुर्दंड तिसऱ्याला

समन्स घेऊन बेलीफ दुकानाची पायरी चढला की आपला माणूस घाबरतो. वाद त्याचा नसतो तरीही. समजा, मालेगावात एका यंत्रमागवाल्याचा आणि सूत व्यापाऱ्याचा दरावरून दिवाणी दावा चालू आहे. त्या हंगामात सुताचा भाव काय होता, हे दाखविण्यासाठी तिसऱ्याच दुकानदाराला कीर्द-खतावणी घेऊन हजर होण्याचा हुकूम येतो. खर्च कोणाचा?

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे उत्तर स्पष्ट आहे. ज्याने साक्षीदार बोलावला, त्याने त्याचा येण्या-जाण्याचा खर्च व एक दिवसाचा भत्ता आधी न्यायालयात भरायचा. रक्कम अपुरी वाटल्यास न्यायालय आणखी भरायला लावू शकते. एका दिवसाहून अधिक थांबवले, तर त्याचेही पैसे द्यावे लागतात. हे आपल्या किती बांधवांना ठाऊक आहे? बहुतेक जण भत्ता मागायलाही संकोचतात, जणू खैरात मागतो आहोत!

पण आमची खरी तक्रार पुढे आहे. माळ्यावरची पाच वर्षांची दप्तरे उतरवायची, मुनिमाला दोन दिवस त्यातच गुंतवायचे, झेरॉक्स काढायच्या. या मजुरीचा त्या नियमात उल्लेख नाही. बंद दुकानाचे नुकसानही कोणी मोजत नाही. बँकांची सोय मात्र १८९१ च्याच कायद्याने केली आहे. बँक दाव्यात पक्षकार नसेल, तर खास आदेशाशिवाय तिची मूळ पुस्तके मागवता येत नाहीत, प्रमाणित नकलेवर भागते. एवढा मोठा कर्मचारीवर्ग असलेल्या बँकेला सवलत, आणि एकट्या कारागिराला नाही? शोधाशोधीचा वाजवी खर्चही कागद मागणाऱ्यानेच भरावा, असा नियम हवा. मग गरज नसताना दहा वर्षांच्या वह्या मागवण्याची खोड आपोआप कमी होईल.

तोवर समन्स टाळू नये, वॉरंट व जप्तीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. ते नीट वाचावे. फक्त कागद मागितले असतील, तर ते मुलाच्या किंवा मुनिमाच्या हाती पाठवले तरी चालतात. वही रोजच्या वापरातली असेल, तर ती पुराव्यात घेताना नोंदीची नक्कल करून मूळ वही परत देण्याची तरतूद संहितेत आहे. वही न्यायाधीशांपुढे ठेवतानाच ही विनंती करावी. नंतर ती परत मिळवायला पुन्हा हेलपाटे, आणि त्यांचा भत्ता कोणी देत नाही.