‘रद्द’चा एकछत्री अंमल

एखादा हुकूम मोडावयाचा झाला तर इंग्रजांना रिपील, रिव्होक, रिसिंड, ॲनल, क्वॉश, रिव्हर्स, ओव्हररूल अशी क्रियापदांची पलटण उभी करावी लागते आणि आमच्या मराठीला मात्र एकटा ‘रद्द’ पुरून उरतो, अशी बढाई आमचे एक वकील स्नेही वारंवार मारीत असतात. त्याच बैठकीतले दुसरे गृहस्थ, ज्यांची हयात कचेरीत गेली, उसासा टाकून म्हणतात की एवढ्या छटा आपल्या भाषेत यायच्या कोठून. निकाल इंग्रजीतच वाचावा हे बरे. पहिल्याचा अभिमान अनाठायी आहे आणि दुसऱ्याची निराशा त्याहून अनाठायी.

आधी वकीलसाहेबांचे मत पाहू. 5 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि ‘मराठा आरक्षण रद्द’ ही तीन शब्दांची वार्ता घरोघर पोहोचली. वस्तुतः त्या दिवशी न्यायालयाने एक नव्हे, तीन कृत्ये केली होती. 2018 चा आरक्षणाचा कायदा वैध मानणारा मुंबई उच्च न्यायालयाचा जून 2019 चा निकाल त्याने फिरविला. मराठा समाजाला आरक्षण देणाऱ्या त्या कायद्यातील तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. आणि 1992 च्या इंद्रा साहनी निकालातील पन्नास टक्क्यांचा दंडक फेरविचारार्थ मोठ्या पीठाकडे पाठवावा ही विनंती अमान्य केली. पहिले रिव्हर्स, दुसरे स्ट्राइक डाऊन, आणि तिसऱ्या ठिकाणी ज्याची आशा धरली होती ते ओव्हररूल घडलेच नाही. आता ज्याला केवळ ‘रद्द’ एवढेच कळले त्याने रोष धरावा तो कोणावर, न्यायालयावर की विधिमंडळावर, आणि पुढची दाद मागावी ती कोठे? वार्तेच्या त्या तीन शब्दांत कर्त्याला जागाच नव्हती.

फिरविणे आणि ओव्हररूल करणे यांतला भेद तर वकिलाने विसरू नये. निकाल फिरला म्हणजे त्याच खटल्यातला हरलेला पक्षकार जिंकतो. ओव्हररूल होते ते भलत्याच खटल्यात पूर्वी सांगितलेले तत्त्व, आणि त्या जुन्या पक्षकाराच्या पदरात काहीच पडत नाही. आणीबाणीतील स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद करणारा 1976 चा निकाल 2017 साली पुट्टस्वामी खटल्यात निकालात निघाला खरा, पण येरवड्यात काढलेले महिने त्यामुळे कोणाला परत मिळाले नाहीत.

कर्त्याप्रमाणेच काळाचेही आहे. तीन कृषी कायदे ‘मागे घेत आहोत’ असे पंतप्रधानांनी 19 नोव्हेंबर 2021 रोजी जाहीर केले, तेव्हा अनेकांना ते त्याच सकाळी संपले असे वाटले. परंतु मागे घेता येते ते विधेयक, संमत झालेल्या कायद्याचे निरसन संसदेलाच करावे लागते, आणि त्याचे विधेयक दोन्ही सभागृहांत 29 तारखेला मंजूर झाले. निरसनाने मागचे पुसले जात नाही. 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे सहावे कलम सांगते की, निरसन करणाऱ्या कायद्यातच वेगळा उद्देश दिसत नसेल तर, निरसित कायद्याखाली जडलेले हक्क आणि झालेल्या शिक्षा कायम राहतात. विवाहाचे उदाहरण घ्या: घटस्फोटाने विवाह त्या दिवसापासून संपतो, पण हिंदू विवाह कायद्याच्या अकराव्या कलमान्वये जो शून्य ठरतो तो कायद्याच्या लेखी झालेलाच नसतो. दोहोंना ‘लग्न रद्द’ म्हणणारा मनुष्य कोर्टाच्या पायरीवर किती फसेल ते सांगावयास नको.

राहिली दुसऱ्या गृहस्थांची निराशा. आमच्या अधिनियमांच्या शेवटी ‘निरसन व व्यावृत्ती’ हा मथळा छापलेला असतो. महापालिकेचा ठराव राज्य शासन विखंडित करते हे नगरसेवकाला पाठ असते. अपील फेटाळले जाते, परवाना रद्द होतो, निकाल फिरतो, करार रद्दबातल ठरतो. ‘विखंडित’ जिभेला जड आहे हे मी मान्य करतो, आणि परिभाषाकोशांतले काही शब्द तर केवळ कपाटासाठीच घडविले असावेत असा मला संशय आहे. पण म्हणून रघुनाथपंतांच्या राज्यव्यवहारकोशाचा कित्ता गिरवीत अरबी वंशाच्या ‘रद्द’ला हाकलून द्या असे मी म्हणत नाही. त्याने आपली जागा सांभाळावी, शेजाऱ्यांच्या वाड्यांत बिऱ्हाड करू नये, इतकेच.

गेल्या पावसाळ्यात एक ओळखीचे शेतकरी प्रांतांचा आदेश घेऊन माझ्याकडे आले. फेरफाराविरुद्ध चुलतभावाने अपील केले होते, आणि आदेशाच्या तळाशी ‘खारीज’ हा शब्द वाचून यांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. ‘खारीज’ म्हणजे बाहेर काढलेले. आणि बाहेर निघाले होते ते चुलतभावाचे अपील, यांची नोंद जागच्या जागी होती. त्यांनी पिशवीतून हस्तलिखित सातबाराचा जुना उतारा काढला. त्यावर आजोबांच्या नावाला तलाठ्याने कंस केला होता, शेजारी फेरफाराचा क्रमांक होता, खाडाखोड कोठे नव्हती आणि नाव स्वच्छ वाचता येत होते.

“मग हे नावही रद्दच झालं का, भाऊसाहेब?” त्यांनी विचारले.

त्याला तलाठी ‘कमी केले’ म्हणतो.